चावी फिरवण्याआधीचं काम

अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा किंवा अलास्काकडे, हिवाळ्यात जुन्या पिकअप ट्रकच्या बंपरमधून विजेची एक वायर लोंबताना दिसते. टोकाला तीन पिनांचा प्लग असतो. गाडी बहुधा डिझेलची, वायर आहे इंजिनातलं कूलंट गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. फोर्डच्या ७.३ लिटर इंजिनात हा हीटर साधारण १००० वॉटचा असतो, डॉजच्या कमिन्समध्ये ७५० वॉटचा. पहाटे तीन-चार तास तो चालू राहिला की पुढचं बरंचसं सोपं होतं. शेतावर राहणारे लोक सॉकेटला टायमर लावून झोपतात. पारा उणे २० च्या खाली उतरतो तिथे जुनं डिझेल इंजिन सकाळी सुरू होणार की नाही, हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच ठरलेलं असतं.

या गाड्यांची पिढी १९८० च्या दशकातली. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ६.२ लिटरचं डिझेल इंजिन पिकअपमध्ये आणलं. फोर्डने १९८३ च्या मॉडेलपासून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं ६.९ लिटरचं इंजिन घेतलं. १९८८ मध्ये ते ७.३ लिटरचं झालं. डॉजने १९८९ च्या मॉडेलमध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन बसवलं. यातल्या कित्येक गाड्या आजही लाकूड, घोडे आणि चारा ओढतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रूडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्याचं तत्त्व एवढंच की हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. फोर्डच्या जुन्या ७.३ मध्ये हवा साधारण साडेएकवीस पट दाबली जाते. उणे ३० अंशांची हवासुद्धा एवढी दाबली तर कागदावर ४०० अंशांच्या वर जाते, आणि डिझेल पेटायला २०० च्या थोडं वरचं तापमानही पुरतं. मग अडतं कुठे? अडतं लोखंडात. थंडगार सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो. इंजिन सावकाश फिरत असेल तर शोषायला आणखी वेळ मिळतो आणि रिंगांच्या फटीतून दाबही निसटतो. जुन्या, झिजलेल्या इंजिनात हा निसटता दाबच जास्त नडतो.

यावर दोन उपाय निघाले. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या त्या जुन्या इंजिनांत इंधन आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं. कप्प्याच्या भिंती जास्त, म्हणून उष्णता जास्त वाया जाते. तिथे प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर प्लग म्हणतात. चावी अर्धी फिरवली की त्याचं टोक लालभडक होतं आणि फवारलेलं डिझेल त्याच्याजवळ पेट घेतं. कमिन्समध्ये इंधन थेट पिस्टनवर पडतं, उष्णता कमी वाया जाते. तिथे हीटर प्लग नाहीत; आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर विजेची जाळी बसवलेली आहे, ती हवाच तापवते. दोन्हीकडे डॅशबोर्डवर ‘थांबा’ सांगणारा दिवा लागतो. तो विझायच्या आत सेल्फ मारला की बॅटरी फुकट जाते.

बॅटरीचं गणित वेगळंच कडू आहे. उणे १८ अंशांना शिशाच्या बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून यातल्या बहुतेक ट्रकांना दोन बॅटऱ्या असतात. त्यातली एक मेली की ती दुसरीलाही खाली ओढते, त्यामुळे दोन्ही एकदम बदलायच्या असा रिवाज आहे. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा क्षार खरवडून काढला, जाड केबल तपासल्या, तरी कितीतरी ‘नादुरुस्त’ इंजिनं सुरू होतात.

१९९४ च्या मध्यात फोर्डमध्ये नॅव्हिस्टारचं (म्हणजे पूर्वीच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचंच) ७.३ पॉवर स्ट्रोक आलं आणि ऑइलला आणखी एक काम लागलं. या इंजिनात इंजेक्टर दाबले जातात ते इंजिन ऑइलच्याच दाबाने. सुरू होण्यासाठी हा दाब साधारण ५०० पीएसआयपर्यंत चढावा लागतो. गारठ्यात घट्ट झालेलं १५डब्ल्यू-४० ऑइल तो लवकर चढू देत नाही. म्हणून मालक हिवाळ्याआधी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक भरतात. या इंजिनाची दुसरी प्रसिद्ध दुखरी जागा म्हणजे हीटर प्लगचा रिले. तो जळाला की आठही प्लग चांगले असून थंडच राहतात.

अशा वेळी हात इथरच्या स्प्रेकडे जातो. हीटर प्लग किंवा तापलेली जाळी असलेल्या इंजिनात इथर मारणं धोक्याचं आहे. ते अवेळी भडकतं. रिंगा, पिस्टन, प्लगची टोकं, काहीही तुटू शकतं.

एवढं सगळं ठीक असूनही डिझेलच पोहोचलं नाही तर? डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत खोबरेल तेल थिजावं तसं ते आधी गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टर बुजवतात. म्हणून तिकडे उन्हाळ्याच्या ‘नंबर दोन’ डिझेलमध्ये हिवाळ्यात रॉकेलच्या जवळचं ‘नंबर एक’ मिसळतात. मेण न धरण्याचं औषध मिळतं, पण डिझेल थिजण्याआधीच ते टाकीत घालायचं. हा त्रास लडाखच्या चालकांनाही ठाऊक आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

इंजिन हटून बसलं की जाणकार आधी सायलेन्सरकडे बघतो. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय, पेटत नाही. दोष उष्णतेत किंवा वेगात, म्हणजे प्लग, रिले, बॅटरी. धूरच नसेल तर डिझेल येत नाही: फिल्टर बुजलाय, मेण धरलंय, किंवा लाइनने एअर घेतली आहे. जुन्या फोर्डच्या रिटर्न लाइनच्या रबरी रिंगा कडक झाल्या की रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंप हवाच ओढत बसतो. हीटर प्लगची तपासणी तर आणखी सोपी. वायर काढायची, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगला. दिवा लागला तर प्लग जिवंत. पॉवर स्ट्रोकमध्ये मात्र प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आहेत. तिथे बाहेरच्या कनेक्टरवरून तपासावं लागतं.

या ट्रकांचे मालक त्यांना सोडत नाहीत, यामागे नुसता जिव्हाळा नाही. नव्या डिझेल पिकअपमध्ये संगणक सगळं सांभाळतो आणि बिघडला की स्कॅनरशिवाय काही कळत नाही. जुन्यात दोष शोधायला बहुधा एक दिवा, एक पाना आणि धुराचा रंग पुरतो. त्या बदल्यात हा ट्रक तयारी मागतो: बॅटऱ्या, केबल, प्लग, रिले, पातळ ऑइल, फिल्टर, हिवाळी डिझेल आणि बंपरमधली ती वायर. ही यादी ऑक्टोबरात संपवायची असते. जानेवारीत करायला घेतली तर पाना हातात धरवत नाही.