बालकाच्या ताटातील शिसे : हिशेब कसा मांडावा?

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हा ज्वारी-बाजरीचा आणि अवर्षणाचा मुलूख. येथील लहान मुलाच्या ताटात भाकरी, डाळ, भाजी, थोडे दूध आणि कालवणात चिमूटभर हळद असते. चिमटीएवढ्या वस्तूकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. परंतु अन्नावाटे पोटात जाणाऱ्या शिशाचा हिशेब मांडावयाचा झाल्यास प्रथम त्या चिमटीकडेच पाहावे लागते.

शिसे हा शरीराला कोणत्याही प्रकारे उपयोगी नसलेला विषारी धातू आहे. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा अंश मोठ्या माणसाच्या अंगी लागतो, त्याच्या चार-पाच पट अंश बालक शोषून घेते. मेंदूची वाढ याच वयात होत असते. त्यामुळे बुद्धीची व शिकण्याच्या शक्तीची जी हानी होते, ती पुढे भरून निघणे कठीण. शिवाय मूल वरवर निरोगीच दिसते.

हिशेबाची रीत सोपी आहे. पदार्थातील शिशाचे प्रमाण व मुलाने खाल्लेले वजन यांचा गुणाकार करावा आणि सर्व पदार्थांची बेरीज करावी. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दूध व शिशुआहार यांचे नमुने तपासून तान्ह्या मुलांच्या पोटात रोज किती जड धातू जातात, याचा अंदाज १९९९ साली प्रसिद्ध केला, तोही याच तत्त्वावर.

उदाहरणादाखल १२ किलो वजनाचे मूल घेऊ. ज्वारीच्या पिठात एका ग्रॅमला ०.०१ मायक्रोग्रॅम शिसे आहे असे धरल्यास १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १ मायक्रोग्रॅम शिसे जाईल. हळदीसाठी आपल्या देशात कायद्याची मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेवरील हळद अर्धा ग्रॅम खाल्ली तर ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे भाकरीच्या पाचपट. आणि हळद भेसळीची असेल तर? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा येथील काही नमुन्यांत ग्रॅमला १००० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. अशा हळदीच्या अर्ध्या ग्रॅममधून ५०० मायक्रोग्रॅम शिसे जाईल! दर किलो वजनामागे आठवड्याला २५ मायक्रोग्रॅम, ही १९८६ साली मुलांसाठी ठरविलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा पुरेशी संरक्षक नाही म्हणून २०१० साली मागे घेण्यात आली. हा आकडा त्या सैल मर्यादेच्याही सुमारे बारा पट भरतो.

ही भेसळ होते ती रंगासाठी. निस्तेज हळकुंडांना पिवळेधमक करण्याकरिता लेड क्रोमेट हे रंगद्रव्य चोळतात. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. तपासणी, दंड आणि लोकशिक्षण यांमुळे २०२१ पर्यंत ते शून्यावर आले. म्हणजे हा दोष निश्चयाने दूर होऊ शकतो.

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्या रंगाची हळकुंडे घेऊ नयेत. अख्खे हळकुंड पाण्यात टाकताच रंग सुटू लागला, तर तो माल संशयास्पद समजावा. मात्र रंग न सुटणे ही शुद्धतेची हमी नव्हे.

२. शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो.

३. हळद पिकविणाऱ्यांनी हळकुंडे नीट शिजवून, वाळवून, रंग न लावता घासून विकावीत.

४. भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच करावी. स्वस्त कथलात शिसे मिसळलेले असू शकते.

५. जुन्या बॅटऱ्या गोठ्याजवळ फोडू नयेत. जनावराने त्या चाटल्यास त्याला विषबाधा होते व शिसे दुधात उतरते.

६. लोह व कॅल्शियम कमी पडलेल्या मुलाच्या अंगात शिसे अधिक शोषले जाते. म्हणून बाजरी, पालेभाज्या, तीळ व दूध मुलांना नियमाने द्यावे.

अंगणवाडीत मुलाचे वजन नोंदविलेले असतेच. त्याच भेटीत घरातील हळद कोठून आणली, एवढा एक प्रश्न मातेला विचारावा. हिशेबाचा आरंभ तेथूनच होतो.