शेजाऱ्याचं रीडिंग आपल्या कामाचं नाही

डिसेंबर 1984. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पाच्या दारात किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रं बसवली होती. स्टॅनली वॉट्रास हे अभियंते त्यातून गेले की घंटा वाजायची. पंचाईत अशी, की प्रकल्पातून वीजनिर्मिती अजून सुरूच व्हायची होती. एका सकाळी वॉट्रास आत शिरले आणि कामाच्या जागी न जाता थेट यंत्रापाशी गेले. घंटा वाजलीच! किरणोत्सर्ग ते घरूनच अंगावर घेऊन येत होते.

बॉयरटाउनजवळच्या त्यांच्या घरातली हवा तपासली, तेव्हा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी (किरणोत्सर्गितेचं एकक) निघाला. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था 4 पिकोक्युरीलाच 'घर दुरुस्त करा' असं सांगते. कुटुंबाने घर सोडलं. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच होती : जवळच्याच घरात रेडॉनचा फारसा पत्ता नव्हता.

या भागाखालून 'रीडिंग प्राँग' नावाचा खडकांचा पट्टा न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्ककडे जातो. त्या खडकांत युरेनियम आहे. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. त्याला ना रंग, ना वास. पावणेचार-चार दिवसांत तो निम्मा होतो. पण तेवढ्या वेळात फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने घरात येतो. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि तळघर जमिनीतली हवा ओढून घेतं. भेग कुठे आहे, खालची माती किती सच्छिद्र आहे, यावर सगळं ठरतं. म्हणूनच एका गल्लीतल्या दोन घरांचे आकडे जुळत नाहीत.

रेडॉनपासून बनणारे पोलोनियमचे कण फुप्फुसात अडकून अल्फा किरण सोडतात. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 21,000 मृत्यू रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्यांना धोका कितीतरी जास्त.

1986 मध्ये न्यू जर्सीतल्या क्लिंटन या छोट्या गावातही घराघरांत रेडॉन सापडला. तिथे संस्थेने दहा घरं नमुन्यादाखल दुरुस्त करून दाखवली. उपाय तसा साधाच असतो. फरशीला भोक पाडून पीव्हीसी पाइप घालायचा, पंखा लावायचा आणि खालची हवा छपरावर सोडायची. वॉट्रास कुटुंबही दुरुस्तीनंतर आपल्या घरी परतलं.

महाराष्ट्रात याचा बोभाटा नाही, त्याला कारण आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये युरेनियम अगदी कमी, आणि आपली बहुतेक घरं दारं-खिडक्या उघड्या टाकणारी. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचं मात्र तसं नाही. तिथे बेसमेंट म्हणजे मुलांची खेळायची खोली, पाहुण्यांची झोपायची जागा आणि कोविडनंतर अनेकांचं ऑफिसही.

तपासणीचा किट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बारा तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, किटमधली कोळशाची डबी सर्वांत खालच्या वापरातल्या मजल्यावर दोन-तीन दिवस ठेवायची आणि लगेच प्रयोगशाळेला धाडायची. आकडा 4 च्या आसपास आला तर पुन्हा तपासावं. घर घेताना जुना पाइप दिसला, तरी निर्धास्त होऊ नये. पंखा बंद पडलेला असू शकतो. पाइपवरच्या यू-आकाराच्या नळीतला रंगीत द्रव दोन्ही बाजूंना सारख्या पातळीवर असेल, तर पंखा बंदच आहे असं समजावं आणि दुरुस्तीवाल्याला बोलवावं.