वंचित पदवी विद्यार्थ्यांची संशोधनपूर्व तयारी : मॅकनेअर योजनेच्या संदर्भात

प्रस्तावना

उच्च शिक्षणाचे दार उघडणे आणि त्या दारातून शेवटपर्यंत चालत जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती, शुल्कमाफी व वसतिगृह यांच्या आधारे वंचित समाजघटकांतील विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो. तथापि पदवीनंतर संशोधनाकडे वळणाऱ्यांत तो क्वचितच आढळतो. याचे कारण बुद्धीची उणीव हे नसून विद्यापीठीय जगाच्या अलिखित रीतींशी असलेला अपरिचय हे आहे. हा अपरिचय पदवीच्या काळातच दूर करण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणून अमेरिकेतील मॅकनेअर योजना अभ्यासनीय ठरते. प्रस्तुत लेखात या योजनेच्या कार्यपद्धतीचे विवेचन केले आहे.

योजनेची पार्श्वभूमी

रोनाल्ड मॅकनेअर यांचा जन्म 1950 मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातील लेक सिटी या गावी झाला. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय मुलाला तेथील सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक मिळणेही दुरापास्त होते. मॅकनेअर यांनी 1971 मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, 1976 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून डॉक्टरेट मिळविली व पुढे ते अंतराळवीर झाले. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्या नावाने ही योजना निर्माण करण्यात आली.

अमेरिकेत 1964 ते 1968 या काळात वंचित विद्यार्थ्यांसाठी तीन संघीय योजना सुरू झाल्या होत्या. तीन या संख्येवरून त्यांना ‘ट्रायो’ हे नाव पडले. त्या योजनांचा भर महाविद्यालयातील प्रवेश व पदवीची पूर्तता यांवर होता. मॅकनेअर योजनेने डॉक्टरेट हे ध्येय समोर ठेवले. कायद्यानुसार लाभार्थींपैकी किमान दोन तृतीयांश विद्यार्थी अल्प उत्पन्न गटातील आणि पहिल्या पिढीतील, म्हणजे ज्यांच्या पालकांनी पदवी घेतलेली नाही असे, असावेत. उर्वरित विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणात अल्प प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील असावेत, असे ठरविण्यात आले. यांपैकी वांशिक निकषाला 2024 मध्ये तेथील न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

कार्यपद्धती

या योजनेचा गाभा म्हणजे मार्गदर्शित संशोधन. विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या हाताखाली, बहुधा उन्हाळी सुटीत, एक मर्यादित संशोधनप्रश्न घेऊन काम करतो आणि निष्कर्ष लिहून ते परिषदेत मांडतो. याच्या जोडीला चर्चासत्रे, शैक्षणिक समुपदेशन, प्रवेशपरीक्षेची तयारी आणि प्रवेश व अर्थसाहाय्याच्या अर्जांसाठी मदत असते.

या प्रक्रियेतून विद्यार्थ्याला तीन गोष्टी प्राप्त होतात. पहिली, संशोधनाचा खरा अनुभव. पाठ्यपुस्तकात उत्तर आधीच ठरलेले असते. संशोधनात प्रयोग फसतो, माहिती अपुरी पडते, प्रश्नच बदलावा लागतो. हे अपयश म्हणजे आपली अपात्रता नव्हे, हे मार्गदर्शकाच्या सहवासातच उमगते. दुसरी, शिफारसपत्र. जो प्राध्यापक विद्यार्थ्याला केवळ वर्गात पाहतो, तो त्याच्या गुणांपलीकडे फारसे लिहू शकत नाही. ज्याने त्याला महिनोन्‌महिने काम करताना पाहिले, तो त्याच्या चिकाटीविषयी साक्ष देऊ शकतो. तिसरी, अलिखित माहिती. अमेरिकेत पदवीनंतर थेट डॉक्टरेटसाठी अर्ज करता येतो व अनेक विज्ञानशाखांत शुल्कमाफीसह निर्वाहवेतन मिळते. शिक्षित घरातील मुलाला जेवणाच्या पंगतीत कळणारी ही गोष्ट पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला कोणी सांगितल्याविना कळत नाही. ‘एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही’ असे गृहीत धरून तो अर्जच करीत नाही.

विद्यावेतनाचे महत्त्व

संशोधनासाठी वर्षाला कमाल 2,800 डॉलरपर्यंत विद्यावेतन देण्याची तरतूद या कायद्यात करण्यात आली. ही रक्कम मोठी नाही; पण तिच्यामागील विचार मोलाचा आहे. गरीब विद्यार्थ्याची सुटी ही कमाईची असते. विनामोबदला संशोधनाची संधी सर्वांना खुली ठेवली, तरी ती घेणे सुस्थितीतील विद्यार्थ्यालाच परवडते. विद्यार्थ्याच्या वेळेची किंमत मोजल्याखेरीज संधीची समानता केवळ कागदावर राहते.

महाराष्ट्रातील प्राध्यापकांसाठी बोध

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रम व श्रेयांक आराखड्यात, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीचा पर्याय देण्यात आला. येथे संशोधन हे उत्तम गुणांचे फलित ठरते. सकाळी महाविद्यालय व सायंकाळी दुकानात काम करणारा विद्यार्थी 65 टक्क्यांवर थांबला, तर त्याची जिज्ञासा तपासण्याची संधीच उरत नाही. मॅकनेअर योजनेची दृष्टी याच्या उलट आहे : संशोधन हे पात्रता घडविण्याचे साधन होय.

यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेली ‘कमवा व शिका’ ही परंपरा महाराष्ट्रात आहेच. बागकाम व कार्यालयीन कामाबरोबर प्रयोगशाळेतील साहाय्य, क्षेत्रपाहणी अथवा जुन्या दप्तरांची सूची करणे ही कामेही त्या तासांत समाविष्ट करता येतील. दुसऱ्या वर्षापासून एका प्राध्यापकाने दोन विद्यार्थी हाताशी घेतले, तरी आरंभ होऊ शकतो.

समारोप

मार्गदर्शित संशोधन हे गुणवंतांसाठी राखून ठेवलेले बक्षीस नव्हे. ज्याच्या घरात विद्यापीठाची भाषा कोणी बोलत नाही, त्याला ती शिकविण्याचा तो मार्ग आहे. ही भाषा ज्ञात असलेली पहिली व्यक्ती त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात बहुधा त्याचा प्राध्यापकच असतो. म्हणूनच या कार्याचा आरंभ शासननिर्णयाआधी प्राध्यापककक्षातून व्हावयास हवा.