शेंड्यावरचा शेकरू, वारुळातली अळंबी

महाडहून वरंध घाटाने भोरकडे निघावे किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठावे. दोन्ही वाटा सह्याद्रीच्या रानातून वर चढतात. हे रान कितपत शाबूत आहे, हे झाडे मोजून पुरते कळत नाही. सह्याद्रीतील दोन जीव मात्र ते नेमके सांगतात. त्यांपैकी एक झाडांच्या शेंड्यांवर वावरतो, तर दुसरा जमिनीखाली वाढतो.

पहिला शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. उंदराप्रमाणेच कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील ही मोठी खार वजनाने सुमारे दोन किलोपर्यंत भरते. फळे, बिया, फुले व साल हा तिचा आहार. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. झाडावरून झाडावर झेपावत फिरतो. साहजिकच फांदीला फांदी भिडलेली असणे त्याला आवश्यक असते. मधली चार झाडे पडली, की त्याची वाटच खुंटते. त्याच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले.

दुसरी वारुळावरची रानअळंबी. वाळवी सुकलेले लाकूड व पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर बुरशीचा जणू मळाच पिकवते. लाकडातील कठीण घटक बुरशी कुजवते आणि त्यातून वाळवीला अन्न मिळते. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या माती फोडून वर येतात; त्यांचा देठ थेट खालच्या वारुळापर्यंत पोहोचलेला असतो. धिंगरी अळंबी शेडमध्ये भाताच्या पेंढ्यावर घेता येते. या अळंबीला जिवंत वारूळच लागते. म्हणूनच तिची व्यापारी लागवड साधलेली नाही. अर्थात, रानातील प्रत्येक छत्री खाण्याजोगी नसते. काही जाती प्राणघातक असल्याने अनोळखी अळंबी टाळणेच इष्ट.

दोघांच्या गरजांत मोठा फरक आहे. शेकरूला डोक्यावरचे छत सलग हवे, अळंबीला पायाखालची माती अखंड हवी. लाकूडतोडीने शेकरू परागंदा होतो. यंत्राने जमीन खोदली, की झाडे उभी असूनही अळंबी नाहीशी होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूच्या शिकारीस बंदी आहे. खासगी रानातील वारुळाला असे कवच नाही.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावली, की हिशेब पुरा झाला असे मानले जाते. परंतु रोपांच्या रांगेत शेकरूला झेप घेता येत नाही, आणि वारूळ तर लावताच येत नाही. उभे रान राखणे हाच दोघांसाठी एकमेव उपाय आहे.