अर्धशिशीची गोळी : केव्हा, किती आणि कोणाची?

घरातला औषधांचा डबा उघडा आणि गोळ्यांच्या दोनचार पट्ट्या उलटसुलट करून पाहा. (वडील माणसांना विचारून, आणि गोळी बाहेर न काढता!) काही पट्ट्यांवर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक तांबडी उभी रेघ दिसेल. औषधाच्या नावाजवळ इंग्रजी 'आर' आणि त्याच्या पायावर मारलेली तिरपी काट, अशी खूणही असेल. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायचे नाही, असा या दोन्हींचा अर्थ. तशी ताकीद तेथे शब्दांतही छापलेली असते. पण ती इंग्रजीत, आणि टाईप इतका बारीक, की प्रयोगशाळेतले भिंग आणावे लागेल.

अशी रेघ असलेल्या औषधांपैकी एका गटाविषयी आज बोलू. हा गट आहे अर्धशिशीवरील गोळ्यांचा. तो निवडण्याचे कारण असे, की दहावीच्या वर्षात डोके दुखण्याच्या तक्रारी वाढतात, आणि "माझ्या मावशीला या गोळीने लगेच उतार पडतो, तू पण घे" असे म्हणणारे कोणीतरी वर्गात किंवा शेजारी असतेच.

'अर्धशिशी' हा शब्द मोठा नेमका आहे. ग्रीक वैद्य या दुखण्याला 'हेमिक्रॅनिया', म्हणजे अर्धी कवटी, म्हणत. त्याचाच अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' झाला. दोन दूरच्या भाषांनी एकाच लक्षणावर बोट ठेवले, याचे नवल वाटते. तरी नावावर फार विसंबू नये. कित्येकांचे डोके दोन्ही बाजूंनी ठणकते, आणि लहान मुलांत तर बहुधा तसेच होते. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे, आणि जिना चढले तरी दुखणे वाढणे, ही खरी ओळख. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण साधारण सारखे असते; पुढे मात्र स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते.

काहींना दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकती रेषा दिसते आणि ती हळूहळू पसरते. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हा त्रास होता. त्याने त्या रेषेची चित्रे काढली, तिचा पसरण्याचा वेग पाहिला, आणि मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे, असे गणित १९४१ साली मांडले. तीनच वर्षांनी लिआँव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाला सशाच्या मेंदूवर जवळजवळ त्याच वेगाने सरकणारी लाट प्रत्यक्ष सापडली. ३ सेंटिमीटर लांबीच्या मिनिटकाट्याचे टोक मिनिटाला किती सरकते, ते काढून पाहा. उत्तर याच्याच आसपास येईल. डोक्यातले हे वादळ घड्याळाच्या काट्याच्या चालीने येते!

बाजरीचे कणीस आणि बेसेलची प्रयोगशाळा

अर्धशिशीवर खास म्हणता येईल असे पहिले औषध एका विषातून आले. मध्ययुगात युरोपातील गरीब लोक राय नावाच्या धान्याची भाकरी खात. ओल्या हंगामात या धान्यावर एक बुरशी पडे आणि कणसात दाण्यांच्या जागी काळपट, कठीण शिंगे धरत. तीही पिठात दळली जात. मग गावेच्या गावे आजारी पडत. हातापायांत आग होई, बोटे काळी पडत आणि गळून जात. 'संत अँटनीचा अग्नी' असे त्या रोगाचे नाव होते. बुरशीतील द्रव्ये रक्तवाहिन्या इतक्या आवळीत, की बोटांना रक्तच पोहोचत नसे.

या बुरशीला अरगट म्हणतात. तिची एक बहीण आपल्या बाजरीवर येते. फुलोऱ्याच्या वेळी कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि पुढे काळे, कठीण गोळे धरतात. त्यातील द्रव्ये वेगळी असल्याने बोटे झडत नाहीत, पण उलट्या आणि चक्कर यांनी माणूस बेजार होतो. म्हणून पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या २० टक्के द्रावणात टाकतात. निरोगी दाणे तळाशी बसतात, बुरशीचे हलके गोळे तरंगतात. ते काढून टाकायचे, आणि दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. आर्किमिडीजचा सिद्धांत यापेक्षा उपयोगी ठरलेला मला तरी ठाऊक नाही. तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या घरच्यांनी हे पाहिलेही असेल.

स्वित्झर्लंडमधील बेसेल येथे सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर स्टोल यांनी १९१८ साली रायवरील अरगटातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव अर्गोटॅमिन. पुढच्या दशकात ते अर्धशिशीवर वापरात आले. बोटे झडवणारे द्रव्य मोजून, मिलिग्रॅमच्या मापाने दिले तर डोक्याचा ठणका थांबवते. आजही आपल्याकडे ते कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीवरील औषध यांच्याबरोबर एकाच गोळीत मिळते. गोळी लहानशी, म्हणून औषध साधे, असे समजू नका.

दुसरा मोठा टप्पा १९९१ सालचा. पॅट्रिक हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लॅक्सो कंपनीत शोधलेले सुमाट्रिप्टान त्या वर्षी बाजारात आले. सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचे रक्तवाहिन्यांवर आणि चेतातंतूंवर जे ठराविक 'कुलुपासारखे' भाग असतात, त्यांतील मोजकेच उघडणारी ही किल्ली. त्यामुळे ते अर्गोटॅमिनपेक्षा नेमके काम करते. तरीही रक्तवाहिन्या थोड्या आवळतातच. हृदयविकार झालेल्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्या माणसाने ते घ्यायचे नसते. मावशीला चालणारी गोळी आजोबांना का चालत नाही, त्याचे एक उत्तर हे.

अर्धायुष्य : अणूचे आणि औषधाचे

आता आपल्या विषयाकडे येतो. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल. औषधालाही अर्धायुष्य असते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, तो हा. सुमाट्रिप्टानचा हा काळ सुमारे २ तास आहे. म्हणजे ४ तासांनी चौथा हिस्सा, ८ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. ते लवकर येते आणि लवकर जाते. त्यामुळे कधी कधी उतार पडलेले दुखणे संध्याकाळी उलटते. अशा वेळी दुसरी गोळी घेण्याची परवानगी डॉक्टर देतात, पण निदान २ तासांचे अंतर ठेवून आणि पहिलीने आराम पडला असेल तरच. पहिलीचा काहीच उपयोग झाला नसेल, तर त्याच दुखण्यावर दुसरी घेण्यात हशील नाही. चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, हा आकडा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

पण अणू आणि औषध यांच्यात एक मोठा फरक आहे. अणूचे अर्धायुष्य तुम्ही त्याला तापवा, दाबा, काही करा, जवळजवळ बदलत नाही. औषधाचे बदलते, कारण ते मोडण्याचे काम यकृतातील विकरे करतात, आणि ही विकरे दुसऱ्या कामात अडकू शकतात. घसा दुखला म्हणून एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू आहे, आणि त्यातच अर्धशिशीसाठी अर्गोटॅमिन घेतले, तर ते मोडणारे विकर रोखले जाते. अर्गोटॅमिन रक्तात साचत राहते. अशा वेळी एरवी बेताच्या मात्रेनेही हातापायांचा रक्तपुरवठा तुटून बोटे काळी पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. संत अँटनीचा अग्नी, तोही दोन सुशिक्षित चिठ्ठ्यांमधून! म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी, घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावे सांगावीत.

आणखी एक मेख आहे. अर्गोटॅमिन रक्तातून बरेचसे नाहीसे झाले तरी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहते, आणि त्यांचे आवळणे दिवसभर टिकू शकते. म्हणून अर्गोटॅमिन आणि ट्रिप्टान गटातील औषध एकमेकांच्या २४ तासांच्या आत घ्यायचे नाही. "सकाळच्या गोळीने गुण नाही, आता ती दुसरी घेऊन पाहू" हा विचार येथे घातक ठरू शकतो.

गोळी केव्हा घ्यावी? दुखणे सुरू होताच. याचे एक कारण पोटात आहे. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गोळी आतड्यापर्यंत पोचायला उशीर होतो आणि ती नुसतीच पोटात पडून राहते. "जरा सोसून बघू" म्हणून दोन तास थांबणारा माणूस मग "गोळ्यांचा मला उपयोगच होत नाही" असे म्हणतो, आणि आणखी एक घेतो. पुढे जठर चालू झाले, की दोन्ही एकदम रक्तात उतरतात.

काही औषधे मात्र दुखण्यावर नव्हे, तर दुखणे येऊच नये म्हणून रोज घ्यावी लागतात. त्यांचे गणित निराळे. आपल्याकडे बरेच दिले जाणारे फ्लुनारिझिन घ्या. त्याचे अर्धायुष्य सुमारे १८ दिवस! गळक्या टाकीत रोज एक तांब्या पाणी ओतण्यासारखा हा प्रकार आहे. पातळी वाढत जाते, तशी गळतीही वाढते, आणि शेवटी रोज जेवढे ओतावे तेवढेच गळते. गणित केले तर त्या वेळी टाकीत रोजच्या मात्रेच्या सुमारे २६ पट औषध असते. त्या पातळीच्या निम्म्यावर यायला १८ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात तर चौथा हिस्साही होत नाही. आठ दिवसांत "गुण नाही" म्हणून ते सोडणारा माणूस टाकीच्या तळाशी पाणी असताना नळ बंद करतो. उलट, गुंगी येते किंवा वजन वाढते म्हणून ते थांबवले, तरी परिणाम लगेच जात नाही.

प्रोप्रॅनोलॉलची गोष्ट आणखी वेगळी. हे हृदयाचे औषध. १९६६ साली हृदयशूळावर त्याची चाचणी चालू असताना त्याने अर्धशिशीही कमी होते, हे ध्यानात आले. पण दमेकऱ्याला दिले तर श्वासनलिका आवळून जीव धोक्यात येऊ शकतो. तेव्हा मैत्रिणीची 'डोकेदुखीची गोळी' दम्याचा त्रास असलेल्या मुलीने घेतली, तर काय होईल याची कल्पना करा. आणि ज्यांना ते चालू आहे, त्यांनीही ते एकाएकी सोडायचे नसते. मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

औषधानेच येणारी डोकेदुखी

सर्वांत विचित्र गोष्ट पुढेच आहे. दुखणे थांबवणारी गोळी फार वेळा घेतली, तर तीच डोकेदुखी निर्माण करते. ट्रिप्टान, अर्गोटॅमिन किंवा अनेक औषधांची मिश्र गोळी महिन्यात १० किंवा अधिक दिवस, आणि साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर हा धोका उभा राहतो. मेंदूतील वेदनेचे मार्ग अधिकाधिक हळवे होतात. गोळीचा असर ओसरला की डोके दुखते, म्हणून गोळी; आणि गोळी घेतली म्हणून पुन्हा डोकेदुखी. यातून सुटताना पहिले काही दिवस दुखणे वाढते. म्हणून ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

लक्षात घ्या, येथे दिवस मोजायचे, गोळ्या नव्हेत. आणि मिश्र गोळ्यांत काय काय आहे, ते पट्टीवर वाचायला हवे. अर्धशिशीच्या गोळीत पॅरासिटामॉल, सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापासाठी पुन्हा पॅरासिटामॉल, असे तीन नावांनी एकच औषध पोटात जाते आणि यकृत त्याची किंमत मोजते. उलटीवरील काही औषधांनी तर तुमच्या वयात मान वाकडी होते, जबडा आवळतो. असे झाले तर घाबरू नये, पण ताबडतोब दवाखाना गाठावा. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांनी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेऊ नये. शाळकरी वयात कोणते औषध आणि किती, हे वय आणि वजन पाहून ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी केली म्हणजे ती मुलांची होत नाही.

शिक्षकांसाठी दोन शब्द. वर्गात एखाद्याला झटका आला, तर टेबलाच्या खणातली गोळी देऊ नये. अंधाऱ्या, शांत खोलीत पडू द्यावे, पाणी द्यावे, घरी कळवावे. त्याच्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच्या दप्तरात असेल, तर पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवलेली बरी. मात्र दुखणे क्षणार्धात कमालीचे वाढले, सोबत ताप येऊन मान ताठली, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर ते सुरू झाले, तर ती अर्धशिशी समजून थांबू नये. सरळ रुग्णालय.

सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायला माझी हरकत नाही. पण तोही नोंदवा! आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकोनात दुखण्याच्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी गोल काढायचा. शेजारी किती वाजता दुखू लागले, गोळी केव्हा घेतली, झोप किती झाली होती, जेवण चुकले होते का, एवढे लिहावे. महिनाअखेरीस गोल मोजा. आठ-नऊ झाले असतील, तर तेच पान फाडून डॉक्टरांना दाखवा.

आणि दुकानदार पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतो, तेव्हा मुदतीची तारीख बहुधा दुसऱ्या तुकड्यावर राहते. तारीख असलेला तुकडा मागून घ्या. तो संपला असेल, तर तारीख आणि औषधाचे नाव कागदावर लिहून घेऊन तो कागद पट्टीभोवती रबराने अडकवून ठेवा.