न मारणारी मात्रा

रायपूरहून राजनांदगावकडे जाणारा महामार्ग भिलाई-3 या गावावरून जातो. दुर्ग-राजनांदगावच्या या पट्ट्यात कोंबडीपालनाचा मोठा धंदा आहे. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने काढलेला एक आदेश इथल्या प्रत्येक शेडला लागू झाला: कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्या, जनावरे वा मासे यांना द्यायचे नाही, खाद्यातही मिसळायचे नाही. अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. देशात ते कोंबड्यांच्या खाद्यातही वापरले जात होते. वजन लवकर भरावे म्हणून, रोज थोडे थोडे.

थोड्याने काय होते, हे अमेरिकेतले संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी 1976 मध्येच दाखवले होते. बॉस्टनजवळच्या एका फार्मवर त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातले औषध मिसळले. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे कोलाय नावाचे जंतू त्या औषधाला जुमानेनासे झाले. पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसे जंतू वाढले. कोणी आजारी पडले नव्हते. हे जंतू आपल्या पोटात एरवीही गुण्यागोविंदाने राहणारे.

कमी मात्रेने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थोडी मंदावते. ज्याच्याकडे प्रतिकाराचा एखादा जनुक आहे, तो मंदावत नाही. एका पिढीत हा फरक नगण्य असतो, पण अनुकूल परिस्थितीत जंतूंच्या पिढ्या तासाभराच्या आत बदलू शकतात. शेकडो पिढ्यांनंतर मैदान त्याचेच होते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या डॅन अँडरसन यांच्या गटाने 2011 मध्ये याची मोजणी केली. सिप्रोफ्लोक्सॅसिनची जी मात्रा जंतूंची वाढ थांबवते, तिच्या दोनशेव्या भागाहून कमी मात्रेतही प्रतिकारक जंतू बाकीच्यांना मागे टाकत होते. सांडपाण्यात औषधाचे एवढे अंश सहज सापडतात.

निरुपद्रवी जंतू प्रतिकारक झाला तर आपले काय बिघडले? बिघडते ते असे, की प्रतिकाराचे जनुक अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांवर बसलेले असतात आणि जंतू ही कडी एकमेकांना देतात. जातही आड येत नाही. आतड्यातला साधा कोलाय हे जनुक न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूच्या हाती ठेवू शकतो. आपल्याकडे चाचणी होते ती आजारी माणसाच्या लघवीची, रक्ताची. हा साठा मात्र निरोग्यांच्या पोटात आणि गटारात वाढत राहतो. हीच यातली सर्वांत काळजीची बाब आहे.

पुण्याच्या मुठा नदीने हा साठा ठसठशीत दाखवला. नचिकेत मराठे आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नदीतल्या गाळाचा डीएनए वाचला. एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे 175 प्रतिकारक जनुक त्यात मिळाले. शहरातल्या गाळात त्यांचे प्रमाण वरच्या अंगाच्या गाळापेक्षा तीसपट होते. शेवटच्या फळीतली कार्बापेनेम औषधे निकामी करणारे एनडीएमसारखे जनुकही त्यात होते. हे सगळे नदीतच घडले, असे म्हणता येत नाही. बराचसा भार लाखो पोटांतून, न शुद्ध केलेल्या मैलापाण्यातून येतो. जंतूंना कोलिस्टिनपासून वाचवणारा एमसीआर-1 हा जनुक मात्र शहरात मिळाला नाही, तो वरच्या अंगाच्या एका नमुन्यात निघाला.

कोलिस्टिनवरच्या बंदीचा उपयोग होईल का, याचे एक उत्तर लेव्हींच्याच फार्मवर मिळते. औषधी खाद्य थांबवून सहा महिने झाल्यावर तिथल्या दहा माणसांची तपासणी झाली. त्यांतल्या आठ जणांत टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जंतू सापडले नाहीत.