चित्रकला जरूर शिकवा, पण हप्ता मोजून

आपली मुलं आता बी.ए., बी.कॉम.वरच थांबत नाहीत. कुणाला अ‍ॅनिमेशन हवं, कुणाला फॅशन डिझाइन. आनंदच आहे. ज्या वस्त्यांतून जलसे उभे राहिले, तिथल्या पोरांना कला नवी नाही. अडतं ते फीपाशी.

समजा, खाजगी कॉलेजासाठी दरसाल अडीच लाख, असं चार वर्षांत १० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने काढलं. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. व्याज मात्र चढतच असतं. हप्ता सुरू होतो तेव्हा देणं साडेतेरा लाखांवर गेलेलं असतं. मग दहा वर्षं दरमहा सुमारे १८ हजार! नव्या कलाकाराला २५ हजार पगार मिळाला, तरी हाती सात हजार. त्यात या धंद्यात कितीतरी जणांना कामागणिक पैसे मिळतात. बँकेला मात्र तारखेला हप्ता लागतो. शिवाय कर्जावर आईबापाचीही सही असते.

१९२० साली बाबासाहेबही नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन पुन्हा लंडनला गेले. पण त्याआधी सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला होता, शाहू महाराजांचीही मदत होती.

तेव्हा आधी राज्याची सीईटी देऊ द्या. सरकारी प्रवेश फेरीतून गेल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शिष्यवृत्ती किंवा फीमाफीसाठी अर्ज करता येतो. मॅनेजमेंट कोट्यात ती नाही. जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणि खाजगी कॉलेज बोलावत असेल, तर तिथून पास झालेल्या दोन-तीन मुलांना गाठून पगार विचारा. माहितीपत्रकातला आकडा नको.